कुत्रं शिंकतंय? औषधाच्या आधी नाकपुडी पहा

खेळताना, लोळताना शेपूट हलवत दोन-चार शिंका देतंय तर ते खुशीतलं शिंकणं, काही करू नका. थ्रेशरच्या धुळीनं, कुटारानं, मिरचीच्या ठसक्यानं शिंकतंय तर तिथून दूर न्या, ओल्या फडक्यानं नाक पुसा. मान ताणून घुर्र घुर्र करत हवा आत ओढतंय ती उलटी शिंक, बघणारा घाबरतो पण सहसा मिनिटभरात थांबते, तोवर गळ्यावरून हळू हात फिरवा.

आता खरं काम. पावसाळा सरला, धुऱ्यावरचं गवत वाळलं आणि कुत्रं वावरातून येऊन एकदम सटासट शिंकायला लागलं, डोकं झटकतंय, पंज्यानं नाक घासतंय, तर आधी नाकात वाळल्या गवताचं टोकदार कुसळच अडकलंय असं धरून चाला. मला हीच पायरी सगळ्यात जड गेली, कारण दुखऱ्या नाकाला कुत्रं हात लावू देत नाही. एकानं मागून मिठीत धरायचं, दुसऱ्यानं उजेडात बघायचं. तोंड दुपट्ट्यानं बांधू नका, नाक आधीच बंद असेल तर त्याचा जीव गुदमरतो. कापसाचा बारीक धागा एकेका नाकपुडीसमोर धरा, एकीकडे हलला आणि दुसरीकडे नाही तर अडकलंय कुठं ते कळतं. पाणी किंवा रक्त एकाच बाजूनं येतंय का तेही बघा.

कुसळाचं टोक बाहेर दिसत असेल तर चिमट्यानं सरळ, सावकाश ओढा. दिसत नसेल तर चिमटा आत घालायचा नाही म्हणजे नाही! कुसळाचे काटे उलटे असतात, ते आतच सरकतं, कधी पार फुफ्फुसापर्यंत जातं. नाकात तेल सोडा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, तेल फुफ्फुसात उतरलं तर निमोनिया होतो. नाकाला बाम नको, आणि माणसाची क्रोसिन, ब्रुफेन तर बिलकुल नको, कुत्र्याला ती विषासारखी पडते. आणि दुसऱ्या दिवशी शिंका कमी झाल्या म्हणजे कुसळ निघालं असं लोक समजतात, ते चूक आहे, कुसळ आतच राहून काही दिवसांनी त्याच नाकपुडीतून घाण वास मारणारा पू येतो. डॉक्टर भूल देऊन काढतात, लवकर नेलं तर सोपं जातं.

दोन्ही नाकपुड्यांतून घट्ट शेंबूड, डोळ्यात चिपडं, ताप, जेवण बंद आणि लस झालेली नसेल तर डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांचा एकाकडून दुसऱ्याला लागणारा जीवघेणा आजार, असू शकतो, बाकीच्या कुत्र्यांपासून लगेच वेगळं ठेवा. नाकातून रक्त आलं तर अंगावर गोचीड शोधा, गोचीडतापातही रक्त येतं. म्हाताऱ्या कुत्र्याला वरच्या सडक्या दातानं किंवा नाकातल्या गाठीनंही शिंका येतात. यातलं काहीच घरी बरं होत नाही.

दवाखान्यात नेल्यावर कुत्रं बहुतेक वेळा शिंकतच नाही, म्हणून घरीच मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या, आणि कोणती नाकपुडी, कधीपासून, कोणत्या वावरात गेलं होतं, हे सांगा.