साइटवर आलेले लाकूड आणि प्लायवूड : उतरवावे कसे, रचावे कसे, सांभाळावे कसे

बांधकामावर सुतारीचा माल येतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याच्यासाठी जागा तयार नसते. टेम्पोवाल्याला दुसरी फेरी गाठायची असते, प्लास्टरवर मारलेले पाणी अजून ओघळत असते, लिफ्ट फरशीवाल्यांनी अडवलेली असते आणि मग प्लायवूडचा गठ्ठा जिन्याजवळच्या भिंतीला टेकवून ‘उद्या बघू’ असे म्हटले जाते. तो उद्या पुष्कळदा आठवड्याने उगवतो. माल बिघडणे आणि माणसाला इजा होणे या दोहोंची सुरुवात माझ्या पाहण्यात याच टेकवलेल्या गठ्ठ्यापासून होते. म्हणून माल मागवण्याआधीच तो कुठे उतरेल, कोणत्या वाटेने जाईल आणि कोणत्या खोलीत राहील हे ठरवावे व ती वाट राडारोडा काढून मोकळी करून घ्यावी.

आठ बाय चार फुटांच्या १८ मिमी प्लायवूडच्या एका शीटचे वजन साधारण ३५ किलो भरते. केंद्राच्या १९९८ च्या बांधकाम कामगार नियमांत प्रौढ पुरुषाने एकट्याने उचलायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो आणि स्त्रीसाठी ३० किलो ठरवली होती. त्या हिशेबाने एक शीट एका पुरुषाने उचलायला आडकाठी नाही, तरीही अडचण वजनापेक्षा आकाराची असते. शीट बगलेत धरली की एका बाजूचे काहीच दिसत नाही आणि जिन्याच्या वळणावर तिचे टोक भिंतीला लागून माणूस फिरतो. त्यामुळे १२ मिमीच्या पुढची शीट दोघांनीच न्यावी, दोघांनी हातमोजे आणि जाड तळाचे बूट घालावेत आणि ‘उचल’, ‘थांब’, ‘ठेव’ हे एकानेच सांगावे. वरच्या मजल्यावरच्या उघड्या स्लॅबवर वारा असताना शीट मुळीच नेऊ नये. वळवाच्या वाऱ्यात ती शिडासारखी फुगते आणि धरणाऱ्याला कडेकडे ओढत नेते.

वाटेवरचा आणखी एक धोका सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. डक्टच्या किंवा पाइपसाठी सोडलेल्या भोकावर कोणीतरी प्लायवूडचा तुकडा नुसता टाकून ठेवतो. दुसऱ्या दिवशी सुताराला तो तुकडा कामाचा वाटतो, तो दोन्ही हातांनी उभा उचलतो आणि एक पाऊल पुढे टाकतो. समोर तुकडा असल्याने पायाखालची पोकळी त्याला दिसतच नाही. भोक झाकायचे झाकण खिळे किंवा स्क्रू मारून पक्के बसवावे आणि त्यावर लाल रंगाने ‘खाली भोक आहे’ असे लिहावे, मग ते दोनच दिवसांसाठी का असेना.

आता त्या टेकवलेल्या गठ्ठ्याविषयी. भिंतीला वीस शीट टेकवलेल्या आहेत आणि मदतनीसाला सातवी हवी आहे. तो पुढच्या सहा शीट पुस्तकाची पाने उलटावीत तशा स्वतःकडे ओढून अंगावर पेलतो आणि मागे डोकावतो. सहा शीट म्हणजे दोनशे किलोंच्या वर वजन, आणि ते उभ्या रेषेच्या अलीकडे आले की दोन हातांनी मागे ढकलता येत नाही. पाय निसटला की गठ्ठा पोटरीवर किंवा छातीवर येतो. माझ्या एका कामावर अशाच प्रकारे एका पोराचा पाय घोट्याच्या वर मोडला आणि तिघांनी मिळून शीट उचलेपर्यंत त्याला हलताही आले नाही. तेव्हापासून माझा नियम असा आहे की रोजच्या कापणीपुरत्या चार-पाच शीट सोडून बाकी सगळे प्लायवूड आडवेच राहील. टेकवलेल्या शीटच्या पायथ्याशी जमिनीत किंवा फरशीवर पट्टी ठोकून अडसर द्यावा आणि हवी ती शीट मधून न ओढता पुढच्या शीट एकेक करून बाजूला काढाव्यात.

आडव्या थप्पीखाली चार फूट लांबीचे, एकाच जाडीचे निदान तीन वासे आडवे घालावेत : दोन टोकांपासून जरा आत आणि एक मध्ये. वाशांची उंची कमी-जास्त असेल तर शीटला कायमचा बाक येतो आणि त्या शीटचे कपाटाचे दार कधीच सरळ बसत नाही. सर्वांत खाली एक टाकाऊ शीट टाकावी, वर दुसरी टाकाऊ शीट झाकण म्हणून ठेवावी आणि भिंतीपासून हात जाईल इतके अंतर सोडावे. थप्पी किती उंच करावी, याचा हिशेब मात्र मजुराच्या हातावर न सोडता स्लॅबवर करावा. राहत्या घरातील खोलीची स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो वापरभार, म्हणजे माणसे आणि सामान यांचे वजन, धरून आखलेली असते. एक शीट जवळपास तीन चौरस मीटर जागा व्यापते, म्हणजे त्या जागेवर सुमारे ६०० किलो, म्हणजेच १८ मिमीच्या सतरा शीट झाल्या. एका फ्लॅटच्या फर्निचरचा पन्नास शीटचा माल एकाच ठिकाणी रचला, तर तो या आकड्याच्या तिपटीकडे जातो. हा भार सबंध खोलीवर पसरलेला धरतात, त्यामुळे एका थप्पीने स्लॅब लगेच कोसळते असे नाही. पण त्या भरवशावर राहण्यापेक्षा माल दोन-तीन खोल्यांत, बीमच्या जवळ वाटून ठेवणे शहाणपणाचे आहे. ज्या स्लॅबखालचे टेकू अजून काढलेले नाहीत किंवा नुकतेच काढले आहेत, तिच्यावर इंजिनिअरला विचारल्याशिवाय काहीच रचू नये.

घन लाकडाची, म्हणजे सागाच्या किंवा ‘मलेशियन साल’ या आयात लाकडाच्या वाशांची आणि चौकटींची रचना वेगळी असते, कारण त्यांना हवा लागते. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ४०८२ या मानकात यासाठी नेमकी मापे दिली आहेत : थप्पी जमिनीपासून किमान १५० मिमी वर असावी, दर दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या असाव्यात, एका थरातल्या दोन वाशांत सुमारे २५ मिमी फट राहावी, रुंदी दीड मीटर आणि उंची दोन मीटरच्या आसपास असावी आणि दोन थप्प्यांत ४५० मिमी तरी अंतर असावे. लांब वासे खाली, आखूड वर आणि एका बाजूची टोके एका ओळीत असावीत. या मधल्या पट्ट्या एकाखाली एक, सरळ ओळंब्यात याव्यात. त्या इकडेतिकडे सरकल्या तर वाशांना पीळ पडतो. उन्हात ठेवलेल्या वाशांच्या टोकांना चिरा जातात, म्हणून टोकांना प्रायमरचा हात मारावा. चौकट तयार होऊन आली असेल, तर तिच्या दोन पायांमध्ये मारलेली तात्पुरती पट्टी चौकट भिंतीत बसेपर्यंत कोणालाही काढू देऊ नये. फ्लश दारे, म्हणजे दोन्ही बाजूंनी सपाट असलेली तयार दारे, आडवीच ठेवावीत.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, माल प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवण्याची चूक फार होते. आतला दमटपणा आतच कोंडतो आणि आठ दिवसांत कागद उघडला की शीटवर काळसर बुरशी दिसते. ताडपत्री वरून घालावी, बाजूंनी जमिनीपासून वितभर उघडी ठेवावी. ओल्या प्लास्टरच्या खोलीत प्लायवूड कधीच ठेवू नये. ज्या गावात पुराचे पाणी येते तिथे तळमजला स्टोअर म्हणून वापरूच नये. २०२१ च्या जुलैत चिपळूणमध्ये पाणी किती चढले, हे त्या भागातल्या मिस्त्रींना सांगावे लागत नाही. तळाच्या वाशांवर आणि भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसतात का, हे दर आठवड्याला वाकून पाहावे, कारण वाळवी थप्पीत खालून शिरते आणि वरची शीट शेवटपर्यंत कोरीच दिसते.

सनमायकाचे काम सोपे आहे : रंगीत बाजू रंगीत बाजूवर ठेवून सपाट रचावा आणि नेताना दोघांनी थोडा वाकवून न्यावा. त्याची कड ब्लेडसारखी कापते.

आगीचा भाग मात्र सावकाश वाचावा. थिनर, रबराचा चिकट पदार्थ आणि पॉलिश यांची वाफ जड असते आणि जमिनीलगत पसरते, त्यामुळे शेजारच्या खोलीत ग्रिलवाला वेल्डिंग करत असेल तरी ती पेट घेऊ शकते. हे डबे लाकडापासून वेगळ्या, हवेशीर आणि कुलुपाच्या खोलीत ठेवावेत, कामाच्या जागी फक्त त्या दिवसापुरते आणावेत आणि झाकण प्रत्येक वेळी लावावे. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात फेकू नये. तेल सुकताना उष्णता तयार होते आणि कोणी काडी न लावताही तो बोळा पेटतो. अशा चिंध्या पाण्याच्या बंद डब्यात टाकाव्यात किंवा बाहेर पसरून वाळवाव्यात. भुसा आणि ढलप्या रोज संध्याकाळी पोत्यात भराव्यात. बारीक भुसा उडवत झाडू नये, कारण लाकडाच्या धुळीची गणना माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत झालेली आहे. कापणी करणाऱ्याला नुसता रुमाल पुरत नाही, धुळीचा मास्क द्यावा.

सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅब ओतताना लावलेल्या साच्याच्या, काढलेल्या फळ्यांतले खिळे त्याच दिवशी उपटावेत, आणि उपटता येत नसतील तर ठोकून वाकवावेत. खिळा पायात घुसला तर जखम धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी माणसाला त्याच दिवशी दवाखान्यात पाठवावे, चुना-हळद लावून कामाला जुंपू नये.

शेवटी रात्रीची गोष्ट. आपल्याकडे बऱ्याच साइटवर गावाकडून आलेले सुतार ज्या फ्लॅटमध्ये काम करतात तिथेच झोपतात, तिथेच स्टोव्हवर भात शिजतो आणि उशाशी मोबाइल चार्ज होत असतो. त्यांना झोपायला दुसरी खोली, शक्यतो दुसरा मजला द्यावा. ते जमत नसेल, तर संध्याकाळी काम थांबवताना थिनर आणि चिकट पदार्थाचे सगळे डबे मोजून त्या फ्लॅटबाहेरच्या कुलुपात न्यावेत, दाराच्या वाटेत एकही शीट किंवा वासा नाही हे पाहावे, अग्निशामक नळकांडे आणि वाळूची बादली दाराजवळ ठेवावी आणि मगच साइट सोडावी.