प्रयोग करताय? मग या चुका टाळा

वेबसाईट किंवा ॲपमध्ये बदल करताना निम्म्या लोकांना जुनी आवृत्ती, निम्म्यांना नवी दाखवायची आणि कोणती चांगली चालते ते आकड्यांवरून ठरवायचं, असे प्रयोग सर्रास होतात. ते करणाऱ्या एखाद्या टीमला विचारून बघा, ‘हा प्रयोग फसला तर काय कराल?’ बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘बघू मग.’ पहिली चूक इथेच झालेली असते. निर्णय आधीच ठरलाय आणि आकडे फक्त त्यावर शिक्का मारायला हवेत, असा हा प्रकार. सुरुवात करण्याआधी तीन ओळी लिहा: काय बदलतोय, त्यानं कोणता एक आकडा हलायला हवा, आणि तो हलला नाही तर काय सोडून देणार. तिसरी ओळ लिहिताना हात अडखळतो. तरी लिहाच.

माझ्या मते सगळ्यांत महागात पडते ती मध्येच डोकावण्याची सवय. चाचणी दोन आठवड्यांची, पण तिसऱ्याच दिवशी नवी आवृत्ती पुढे दिसते आणि विजय जाहीर होतो. खोट्या निकालाची, म्हणजे खरा फरक नसताना तो दिसण्याची, शक्यता ५ टक्के धरून आखलेली चाचणी समान टप्प्यांवर १० वेळा तपासली आणि फरक दिसताक्षणी थांबवली, तर ती शक्यता सुमारे १९ टक्क्यांवर जाते. म्हणून किती माणसं लागतील हे आधीच काढून ठेवा. खरेदीचं प्रमाण ५ टक्क्यांवरून ५.५ वर गेलं का, एवढं ठरवायलाच प्रत्येक गटात साधारण ३०,००० जण लागतात! तेवढी वर्दळ नसेल तर बटणाचा रंग वगैरे विसरा, ठळक बदल तपासा. अधूनमधून बघणं टळणारच नसेल तर त्यासाठीच आखलेल्या टप्प्याटप्प्याच्या चाचण्या असतात, त्या वापरा.

एकाच प्रयोगात २० आकडे बघून ‘यातला एक तरी वाढलाय’ म्हणणं हाही याच दुखण्याचा भाऊ. इतक्यांत एखादा योगायोगानंही वाढलेला दिसतो.

निकाल विचित्र आला तर आधी गटांची वाटणी तपासा. निम्मे-निम्मे ठरलं होतं आणि एका गटात ५०,०००, दुसऱ्यात ४८,५०० जण निघाले, तर तो फरक योगायोगाचा नाही. कुठेतरी नोंद गळतेय. ती सापडेपर्यंत बाकीचे आकडे बघूही नका. सुरुवातीला उसळलेला आकडा हळूहळू खाली येत असेल तर तो नव्याची नवलाई असू शकतो. चाचणी आणखी चालू द्या.

मोजमापाच्या पायावरच शंका घ्यायची वेळही येते. राईट बंधूंच्या १९०१ च्या ग्लायडरला हिशेबाच्या जेमतेम एक तृतीयांश उचल मिळाली. त्यांनी सहा फुटी वातबोगदा (आतून जोराचा वारा सोडायची पेटी) बनवला, पंखांचे दोनशेच्या आसपास छोटे नमुने त्यात तपासले. हवेच्या दाबाचा जो गुणांक शंभराहून जास्त वर्षं सगळे डोळे झाकून वापरत होते, तोच चुकीचा असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. पुढचं ग्लायडर या नव्या आकड्यांवर उभं राहिलं आणि डिसेंबर १९०३ मध्ये इंजिनाचं विमान उडालं.

‘एका वेळी एकच गोष्ट बदला’ हा सल्ला मात्र अर्धाच खरा. शेतीवरचे प्रयोग करणाऱ्या रोनाल्ड फिशरनं १९२६ मध्येच त्याला विरोध केला होता. खत आणि पाणी वेगवेगळे तपासले तर दोन्ही एकत्र आल्यावर काय होतं ते कधीच कळत नाही. एकाच आखणीत सगळ्या जोड्या बसवल्या तर कळतं, आणि मेहनतही वाचते.

शेवटचा मुद्दा वरिष्ठांसाठी. कल्पना चांगली की वाईट हे बैठकीत ठरवू नका. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनवर जाहिरातीच्या मथळ्याची मांडणी बदलायची एक सूचना कित्येक महिने धूळ खात पडली होती. एका इंजिनिअरनं ती सहज करून बघितली. उत्पन्न इतकं वाढलं की यंत्रणेनं बिघाडाचा इशारा दिला. पण बिघाड नव्हता, वाढ खरीच १२ टक्के होती. तरीही त्यांनी तो प्रयोग पुन्हा पुन्हा करून पाहिला.