किमोनंतरच्या तापासाठी घरची तयारी

कॅन्सरची किमो (केमोथेरपी) होऊन आठवडा झाला की पेशंट जरा खायला-बोलायला लागतो आणि घरचे कापूस वेचायला निघून जातात. नेमक्या त्याच दिवसांत, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी, रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी झालेल्या असतात. तेव्हाचा ताप म्हणजे व्हायरल समजून अंगावर काढायचा ताप नव्हे. काही तासांत बीपी उतरून पेशंट आयसीयूत जाऊ शकतो.

म्हणून आधी डिजिटल थर्मामीटर आणा. कपाळाला हात लावून काही कळत नाही. चहा प्यायल्यावर लगेच तोंडात धरू नका, थोडं थांबा. आकडा 100.4 फॅरनहाइट किंवा वर गेला की निघायचं, सकाळची वाट पाहायची नाही. हुडहुडी भरली किंवा पेशंट गुंगीत बोलायला लागला, तर ताप नसला तरी निघायचं. मोजण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका, आकडा झाकला जातो. गावातल्या डॉक्टरांकडून कमरेत सुई टोचून घेऊ नका. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असल्या तर आत रक्त साकळतं.

फाइल प्लास्टिकच्या पिशवीत, दाराजवळच्या खुंटीला. त्यात डिस्चार्ज कार्ड, शेवटच्या किमोची चिठ्ठी, ताजा सीबीसी (रक्तातल्या पेशींच्या तपासणीचा रिपोर्ट), चालू गोळ्या, आधार आणि रेशन कार्ड (जन आरोग्य योजनेच्या कामाला येतात). वर मोठ्या अक्षरात लिहा: ‘किमो चालू, शेवटची अमुक तारखेला’. तालुक्याच्या दवाखान्यात रात्रपाळीला असलेल्या डॉक्टरला तुमची सगळी कहाणी ऐकायला वेळ नसतो, ही ओळ तो वाचतो. अँटिबायोटिकचा पहिला डोस दवाखान्यात पोचल्यापासून तासाभरात लागावा लागतो, आणि पांढरकवड्याहून नागपूर काही तासाभरात येत नाही. तेव्हा कॅन्सरच्या डॉक्टरांकडून आधीच चिठ्ठी लिहून घ्या: पहिला डोस तालुक्यालाच द्यावा, मग पुढे पाठवावं. माझ्या मते अख्ख्या फाइलीत याहून मोलाचा कागद नाही.

गाडीसाठी 108 आहेच, तरी गावातल्या एका गाडीवाल्याला सांगून ठेवा आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला तर कोणत्या रस्त्यानं निघायचं तेही ठरवा. सेवाग्राम की नागपूर, हे उपचार कुठे चालू आहेत त्यावर; पण निघताना फोन करून आयसीयूत बेड आहे का ते विचारा. रक्त द्यायला दोन धडधाकट माणसं सांगून ठेवा, सर्दी-खोकलेवाली नकोत.

तापाशिवायही धावायची कारणं आहेत. पाठ दुखून पाय लुळे पडणं किंवा लघवी अडणं, चेहरा-मान सुजून दम लागणं: त्याच दिवशी दवाखाना. खर्ऱ्यानं (तंबाखू-सुपारीनं) आपल्याकडे तोंडाचे कॅन्सर फार, त्या जखमेतून रक्त सुटलं तर पुढे वाकवून बसवा, स्वच्छ कापड दाबून धरा आणि तसंच निघा.

एक बोलणं मात्र पेशंट शुद्धीत असतानाच उरका. व्हेंटिलेटर लावायची वेळ आली तर त्याला काय हवं, हे त्यालाच विचारा. पोरं पुण्याला, भाऊ शेतात आणि सहीला बायको एकटी, असं होतं. सही कोण करणार ते ठरवून त्याचा नंबर फाइलीवर लिहा.