सेडानसाठी नवे ऑल-सीझन टायर कसे निवडावेत

टायर बदलायची वेळ आली की बहुतेक जण थेट दुकान गाठतात. समोरचा माणूस दोन-तीन नावं घेतो, त्यातलं मधल्या किमतीचं एक ठरतं आणि तासाभरात गाडी बाहेर पडते. पण गाडी रस्त्याला टेकलेली असते ती चार टायरांच्या प्रत्येकी साधारण तळहाताएवढ्या जागेवर. ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला थांबवणारी पकड मात्र टायरचीच. शिवाय एकदा घेतलेले टायर पुढची चार-पाच वर्षं बदलले जात नाहीत. त्यामुळे दुकानात जाण्याआधी घरी अर्धा तास द्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आधी जुने टायर नीट बघा

सुरुवात जुन्या टायरांपासून करा, कारण गाडीत काय बिघडलंय ते त्यांच्यावर उमटलेलं असतं. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि इंजिन बंद करून पुढच्या टायरची आतली कड बघा. नुसतं बघू नका, हातही फिरवा. आधी तार बाहेर आलेली नाही ना एवढं डोळ्यांनी पाहून घ्या.

हे मी इतकं आग्रहाने सांगतोय त्याला कारण आहे. माझ्या सेडानचे पुढचे टायर उभ्याने पाहिले तर अजून वर्षभर आरामात चालतील असे दिसत होते. हवा भरताना सहज खाली वाकलो, तर आतल्या कडेचं रबर संपून पोलादी तारांची जाळी उघडी पडली होती. बाहेरच्या कडेला नक्षीच्या खाचा चार मिलिमीटर खोल, आतल्या कडेला शून्य. टायर बसवताना अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणं, झालंच नव्हतं आणि मीही ते विचारलं नव्हतं. त्याच टायरांवर मी आदल्या आठवड्यात कुटुंबाला घेऊन लांबचा प्रवास करून आलो होतो.

झीज कुठे झालीय त्यावरून बरंच कळतं. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलंय. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत असेल तर हवा कमी राहत होती, आणि मधलाच पट्टा गुळगुळीत झाला असेल तर ती जास्त होती. टायरच्या घेरावर ठरावीक अंतराने खोलगट डाग पडले असतील तर शॉक अब्सॉर्बर तपासून घ्या. यातलं काहीही दिसलं तर मूळ दोष आधी काढा, नाहीतर नवे टायरही त्याच वाटेने जातील.

आता खोली मोजा. नव्या टायरची नक्षी साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असते. खोल खाचांच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरचे. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला, आणि अनेक देशांत कायदाही तीच मर्यादा मानतो. पण तोवर थांबू नये असं माझं मत आहे. खाचा उथळ झाल्या की टायरखालचं पाणी बाहेर पडत नाही आणि वेगात गाडी पाण्यावर तरंगल्यासारखी होते, स्टिअरिंग अचानक हलकं लागतं. खोली ३ मिलिमीटरवर आली की नव्या टायरांचा शोध सुरू करा. बर्फात चालवत असाल तर ४ मिलिमीटरलाच.

दारावरचं स्टिकर

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर किंवा दाराच्या कडेला एक स्टिकर दिसतं. काही गाड्यांत ते इंधनाच्या झाकणाच्या आत असतं. गाडी बनवणाऱ्याने ठरवलेला टायरचा आकार आणि हवेचा दाब त्यावर लिहिलेला असतो. सध्या गाडीला लागलेल्या टायरवरून आकार ठरवू नका. आधीच्या मालकाने किंवा एखाद्या दुकानदाराने हाताशी होता तो आकार बसवलेला असू शकतो.

समजा स्टिकरवर २०५/५५ आर १६ ९१ व्ही असं लिहिलंय. २०५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे जवळपास ११३ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, १६ हा रिमचा व्यास इंचांत. पुढचा ९१ हा भार-निर्देशांक आहे: एक टायर ६१५ किलो पेलू शकतो. शेवटचं अक्षर वेगाचं. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०.

भार आणि वेग या दोन्हींत खाली उतरू नका. त्या वेगाने आपण कधीच जात नाही हे खरं, पण ते अक्षर टायर उष्णता किती सहन करतो हेही सांगतं. भरलेली गाडी, तापलेला रस्ता आणि लांबचा पल्ला एकत्र आले की ती ताकद कामाला येते.

रुंद टायर बसवावेत का, हा प्रश्न हमखास येतो. इथे थोडा हिशेब करावा लागतो. वरच्या टायरचा एकूण व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर होतो. मोठ्या रिमवर २२५/४५ आर १७ घेतला तर तो ६३४ होतो, फरक नगण्य. पण मूळच्या १६ इंची रिमवर २१५/५५ आर १६ चढवला तर व्यास ६४३ होतो. मग स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी पूर्वीपेक्षा जवळजवळ पावणेदोन टक्के जास्त वेगात असेल, आणि चाक पूर्ण वळवल्यावर आत घासतंय का हेही बघावं लागेल. माझा सल्ला सरळ आहे, स्टिकरवरचाच आकार घ्या.

ऑल-सीझन म्हणजे नेमकं काय

उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागतं आणि पकड सोडतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, पण उन्हात ते लिबलिबीत होऊन भराभर झिजतं. ऑल-सीझन टायर या दोघांच्या मधला. गुडइयर कंपनीने १९७७ मध्ये टिएम्पो नावाचा टायर आणला, तेव्हापासून ही कल्पना सर्वसामान्य गाड्यांपर्यंत पोचली.

मधला असल्यामुळे तो दोन्ही टोकांना थोडा कमी पडतो. जिथे पारा वर्षभर ७ अंशांच्या बराच वर असतो, तिथे चांगला उन्हाळी टायर ओल्या आणि कोरड्या रस्त्यावर सरस ठरतो. जिथे महिनोन्महिने रस्त्यावर बर्फ असतो, तिथे खऱ्या हिवाळी टायरांना पर्याय नाही. कडक उन्हाळा, भरपूर पाऊस आणि मधूनच गोठवणारी थंडी किंवा हलकी हिमवृष्टी अशा हवेत ऑल-सीझन शोभतात. तुमचं वर्ष यातलं कुठलं, हे आधी ठरवा.

त्यातही दोन जाती आहेत. नुसती एम आणि एस ही अक्षरं असलेला टायर म्हणजे चिखल आणि बर्फासाठी नक्षीची ठेवण असल्याचं उत्पादकाने स्वतः जाहीर केलेला टायर. तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चित्र असेल तर तो टायर बर्फावरच्या ठरावीक चाचणीत उतरलेला असतो. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून बर्फाळ रस्त्यांवर हे डोंगराचं चिन्हच ग्राह्य धरतात, नुसती अक्षरं चालत नाहीत. बर्फाशी तुमचा थोडाही संबंध येत असेल तर हे चिन्ह असलेलाच टायर घ्या. मात्र ती चाचणी दाबलेल्या बर्फावरच्या ओढीची असते. काचेसारख्या गुळगुळीत गोठलेल्या रस्त्यावर किंवा वळणावर तो टायर कसा वागेल हे चिन्ह सांगत नाही.

आकडे आणि अक्षरं वाचताना

युरोपात १ मे २०२१ पासून टायरवर नवं लेबल असतं. इंधन बचत आणि ओल्या रस्त्यावरची पकड यांना ए ते ई अशी श्रेणी, आणि बाहेरचा आवाज डेसिबलमध्ये. अमेरिकेतल्या पद्धतीत साइडवॉलवरच (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) तीन गोष्टी कोरलेल्या असतात: झिजेचा आकडा, ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक मारल्यावरची पकड (एए, ए, बी, सी) आणि उष्णता सहन करण्याची क्षमता (ए, बी, सी). झिजेचा ४०० असलेला टायर चाचणीत २०० वाल्याच्या दुप्पट टिकतो. पण हा आकडा उत्पादक स्वतःच देतो, म्हणून तो एकाच कंपनीचे दोन टायर ताडून पाहायला वापरा, वेगवेगळ्या कंपन्यांचे नको.

टायर जास्त टिकावा, पेट्रोल वाचावं, आवाज कमी यावा आणि पावसात गाडी जागच्या जागी थांबावी, या अपेक्षा एकमेकींना ओढत असतात. सगळ्यांत पहिला असलेला टायर मिळत नाही. मी ओल्या रस्त्यावरच्या पकडीला पहिला क्रमांक देतो आणि बाकीच्या गोष्टी उरलेल्यांतून निवडतो. पाच-दहा हजार किलोमीटर कमी टिकलेला टायर परवडतो. समोर माणूस आलेला असताना दोन मीटर पुढे जाऊन थांबलेली गाडी परवडत नाही.

चाचण्यांचे निकाल वाचताना एक काळजी घ्या: तुमच्याच आकाराच्या टायरची किंवा निदान जवळच्या आकाराची चाचणी बघा, आणि झिजलेल्या अवस्थेतली चाचणी असेल तर तिला जास्त महत्त्व द्या. नवा असताना बहुतेक टायर चांगलेच असतात.

किती घ्यायचे

शक्यतो चारही. दोनच घेता येणार असतील तर नवे दोन मागच्या चाकांना लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. हे अनेकांना उलटं वाटतं. पण ओल्या वळणावर पुढचे टायर निसटले तर गाडी सरळ जाऊ पाहते, वेग कमी करून तिला सावरता येतं. मागचे निसटले तर गाडी फिरते, आणि मग सामान्य चालकाच्या हाती फारसं काही उरत नाही. चारही चाकांना ताकद जाणारी सेडान असेल तर जुन्या-नव्या नक्षीतला फरक तिच्या यंत्रणेवर ताण आणतो, म्हणून चारही एकदम बदला. आणि गाडी मुळात रन-फ्लॅट टायरवर (हवा गेल्यावरही थोडं अंतर चालणाऱ्या) आली असेल तर तिच्यात स्टेपनी बहुधा नसते. साधे टायर घेण्याआधी पंक्चर झाल्यावर काय करणार हे ठरवा.

दुकानात

टायर गाडीला चढण्याआधी साइडवॉलवर डीओटी या अक्षरांपुढच्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघा. २३२४ म्हणजे २०२४ सालातला २३वा आठवडा. कधी कधी ही पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूला असते, त्यामुळे दुसरी बाजूही उलटून पाहा. रबर नुसतं पडून राहिलं तरी जुनं होतं. चारही टायरांची तारीख जवळपासची आणि वर्षभरातली असावी. फार जुनी असेल तर नम्रपणे दुसरे मागा, त्यात संकोच वाटायचं कारण नाही.

काही टायरांवर आतली बाजू आणि बाहेरची बाजू असं लिहिलेलं असतं, काहींवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. बसवून झाल्यावर चारही चाकांभोवती एक फेरी मारून हे स्वतः तपासा. बाण उलटा बसला तर नक्षी पाणी बाहेर फेकण्याचं काम नीट करत नाही.

बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) आणि नवे व्हॉल्व्ह टायरांबरोबरच करून घ्या. अलाइनमेंटही त्याच दिवशी, आणि त्याचा छापील कागद मागून घ्या. आधीचे आणि नंतरचे आकडे त्यावर असतात. नट शेवटी टॉर्क पान्याने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने), गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच आवळायला सांगा. हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. साइडवॉलवरचा आकडा त्या टायरच्या कमाल दाबाचा असतो, तो भरायचा नसतो.

पहिले काही दिवस

साच्यातून सुटताना लागलेला निसरडा थर नव्या टायरवर असतो. पहिले काहीशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि वेगातली वळणं टाळा. पन्नास ते शंभर किलोमीटर झाले की नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासून घ्या. हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना बघा. बाहेरचं तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की दाब सुमारे एक पीएसआयने घटतो, म्हणून थंडी सुरू झाल्यावर एकदा जास्तीची तपासणी हवी.

आणि पहिल्याच दिवशी चारही टायरांची खोली आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला मोजून वहीत लिहून ठेवा, शेजारी ओडोमीटरचा आकडा. आठ-दहा हजार किलोमीटरवर टायर पुढे-मागे बदलायला न्याल तेव्हा तेच बारा आकडे पुन्हा घ्या. आतल्या आणि बाहेरच्या कडेत मिलिमीटरभर जरी फरक पडलेला दिसला तरी त्याच दिवशी अलाइनमेंट दुरुस्त करून घ्या.