काठावरून हवा मिळणारे हेल्मेट : धरणावर काम करणाऱ्या पाणबुड्यांसाठी

वैनगंगेच्या काठच्या ढिवर कुटुंबांतील मुले चालायला लागतात त्याच सुमारास डोंग्यात बसू लागतात, आणि तलावात कोणी बुडाले की पोलीस पाटलांचा पहिला निरोप त्यांच्याच घरी येतो. यांपैकी काही तरुण आता व्यावसायिक पाणबुड्याचे रीतसर प्रशिक्षण घेऊन गोसीखुर्द, ऊर्ध्व वर्धा, तोतलाडोह अशा धरणांवर दारांच्या तपासणीच्या आणि दुरुस्तीच्या कामाला येऊ लागले आहेत. पुढील मजकूर त्यांच्यासाठी आणि काठावर नळी धरणाऱ्या त्यांच्या साथीदारांसाठी आहे. तो प्रशिक्षणाच्या जागी वापरू नये. ज्याने हे हेल्मेट प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली वापरलेले नाही, त्याने केवळ वाचून पाण्यात उतरू नये.

आधी एक सवय मोडावी लागते. दम धरून बुडी मारणारा माणूस वर येताना श्वास रोखून येतो आणि त्यात त्याचे फुप्फुस फाटण्याचा धोका नसतो, कारण त्याच्या छातीतील हवा त्याने काठावरच घेतलेली असते. हेल्मेटमध्ये मात्र आपण खालच्या दाबाची हवा घेत असतो. १० मीटर खोलीवर भरून घेतलेला श्वास पृष्ठभागावर येईपर्यंत जवळपास दुप्पट जागा मागतो, आणि तो रोखून धरला तर फुप्फुस फाटते. म्हणून या हेल्मेटमध्ये श्वास कधीही रोखायचा नाही, वर येताना तर मुळीच नाही. उत्तम पोहणाऱ्यांनाच हे शिकायला अधिक वेळ लागतो, असा माझा अनुभव आहे.

काठावरची हवा एका जाड जुडग्यातून खाली येते. या जुडग्याला अंबिलिकल म्हणतात. त्यात हवेची नळी, बोलण्याची तार, खोली मोजणारी न्यूमोची बारीक नळी आणि ओढ सहन करणारी दोरी एकत्र बांधलेली असते. तोंडातील नळकांडे धरून पोहण्यापेक्षा हेल्मेट आपल्याकडे अधिक योग्य ठरते, याचे एक कारण म्हणजे पाण्याचा दर्जा. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत आणि पुढे गोसीखुर्दच्या जलाशयात येते, त्यामुळे तोंड, नाक आणि कान कोरडे राहणे ही तेथे चैन ठरत नाही. दुसरे कारण असे की गाळात हाताला हात दिसत नसताना काठावरच्या माणसाशी बोलता येते.

हवा देणारा कॉम्प्रेसर श्वासासाठीच बनवलेला आणि गाळण्या बसवलेला असावा. पंक्चरच्या दुकानातील किंवा रंगकामाचा कॉम्प्रेसर आणून विहिरीत माणूस उतरवल्याचे मी पाहिले आहे. त्या हवेत तेलाची वाफ असते आणि इंजिनाचा धूर ओढला गेला तर कार्बन मोनॉक्साइड असतो, ज्याला वास नसतो. कॉम्प्रेसरचे हवा ओढणारे तोंड वाऱ्याच्या वरच्या बाजूला आणि इंजिनाच्या, जनरेटरच्या व उभ्या केलेल्या गाड्यांच्या धुरापासून दूर ठेवावे. दुपारी वारा फिरला की जागा पुन्हा तपासावी. कॉम्प्रेसर बंद पडल्यास ताबडतोब चालू करता येईल असा भरलेल्या सिलिंडरांचा दुसरा साठा काठावरच्या हवा-नियंत्रणाच्या पॅनेलला आधीच जोडलेला असावा.

आता ज्या लहानशा भागावर सर्वांत अधिक लक्ष द्यावे, त्याकडे येतो. अंबिलिकल जेथे हेल्मेटला जोडली जाते तेथे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. तो हवेला आत येऊ देतो, परत जाऊ देत नाही. समजा माणूस २० मीटरवर आहे आणि काठाजवळ नळी फुटली. हा व्हॉल्व्ह काम करत नसेल तर हेल्मेटमधील हवा नळीवाटे वर निघून जाते, आतला दाब काठावरच्या दाबाइतका होऊ लागतो आणि बाहेरचे पाणी प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे २ किलोच्या भाराने त्याचे शरीर हेल्मेटमध्ये दाबते. यातून माणूस वाचवता येत नाही. म्हणून दररोज, पहिल्या बुडीपूर्वी, अंबिलिकल जोडण्याआधी ही परीक्षा करावी: हेल्मेटवरचा फ्री-फ्लो (हवा सतत वाहू देणारा) व्हॉल्व्ह पूर्ण उघडावा, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या तोंडाला स्वच्छ ओठ लावावेत आणि हवा जोराने आत ओढावी. जराही हवा आली तर ते हेल्मेट त्या दिवशी बाजूला ठेवावे. एकदा एका धरणावर मला अशी अगदी बारीक गळती जाणवली; व्हॉल्व्ह खोलला तेव्हा बैठकीवर मुरमाचा ज्वारीच्या दाण्याहून लहान कण अडकलेला निघाला. आदल्या दिवशी कोणीतरी अंबिलिकलचे टोक झाकण न लावता जमिनीवर टाकले होते. तेव्हापासून आमच्या गटात उघडे टोक जमिनीवर दिसले की काम थांबते.

पाठीवरचा बेलआउट सिलिंडर संकटासाठी असतो, आणि त्याचा हिशेब उतरण्यापूर्वी कागदावर मांडावा. मिनिटाला ४० लिटर श्वास धरला तर २० मीटरवर दाब तिप्पट असल्याने तो १२० लिटर होतो. १० लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाब असेल तर सुमारे २,००० लिटर हवा मिळते, म्हणजे कागदावर पंधरा-सोळा मिनिटे. घाबरलेला माणूस दुप्पट श्वास घेतो, म्हणून प्रत्यक्षात सात-आठच धराव्यात. उतरताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा आणि ती हवा हेल्मेटमध्ये सोडणारा हेल्मेटवरचा इमर्जन्सी व्हॉल्व्ह बंद असला पाहिजे. सिलिंडरच्या रेग्युलेटरवर जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह आहे, हेही पाहून घ्यावे. तो नसेल आणि रेग्युलेटर झिरपू लागला तर हेल्मेटकडे जाणारी नळी फुटू शकते.

हेल्मेट चढवताना मानेवरच्या नेक डॅमखाली, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी पट्टीखाली, केस, गमछा किंवा सदऱ्याची कॉलर अडकू देऊ नये. उन्हात ठेवलेले रबर लवकर विरते, म्हणून त्याची कड रोज बोटांनी ताणून चिरा शोधाव्यात. हवा चालू झाल्याशिवाय हेल्मेट डोक्यावर येता कामा नये. मागचा पट्टा आणि दोन्ही बाजूंच्या पिना बसल्याचा आवाज टेंडरने, म्हणजे काठावर नळी धरणाऱ्या साथीदाराने, ऐकावा, बोटाने चाचपावे आणि हेल्मेट वर ओढून पाहावे. अंबिलिकल अंगावरच्या हार्नेसच्या कडीला अडकवलेली असावी, जेणेकरून ओढीचा एकही किलो हेल्मेटवर येणार नाही. बारा-चौदा किलोचे हेल्मेट काठावर मानेला जड वाटते आणि पाण्यात फारसे जाणवत नाही. मे महिन्यात ४४ अंशांच्या उन्हात तयार माणसाला ते घालून बसवून ठेवणे मात्र निष्काळजीपणाचे आहे. स्टँडबाय डायव्हरने, म्हणजे संकटात मदतीला उतरणाऱ्या पाणबुड्याने, पूर्ण तयारीनिशी सावलीत बसावे, आणि त्याचे हेल्मेट त्याच्या हाताशी असावे.

पाण्यात शिरल्यावर ३ मीटरच्या आत थांबून सर्व पाहावे. श्वासाची गुंडी बाहेर फिरवून हवा किंचित वाहू लागेपर्यंत न्यावी आणि मग वाहणे थांबेपर्यंत आत आणावी. फ्री-फ्लो एकदा उघडून बंद करावा, कारण काच धुरकटली किंवा धाप लागली तर त्याचाच उपयोग होतो. इमर्जन्सी व्हॉल्व्हही क्षणभर उघडून पाहावा. धाप लागणे ही किरकोळ गोष्ट मानू नये. हेल्मेटमध्ये कार्बन डायऑक्साइड साचू लागल्याची ती खूण असते, तेव्हा हातातले काम सोडावे, फ्री-फ्लो उघडावा आणि श्वास शांत होईपर्यंत स्थिर राहावे. टेंडरने नळीत ढिलाई ठेवू नये. तार निकामी झाल्यास दोरीच्या ओढी कोणत्या अर्थाच्या, हे आधी ठरलेले असावे. आमच्याकडे एक ओढ म्हणजे ठीक आहे आणि चार म्हणजे वर घ्या. बोलणे बंद पडले की बुडी संपली, असे समजावे.

धरणावर खरा धोका दाराशी असतो. १० मीटर पाण्याखाली ३० सेंटिमीटर लांब-रुंद भोकातून पाणी दुसऱ्या बाजूच्या मोकळ्या जागेत जात असेल, तर त्या भोकावर सुमारे ९०० किलोचा भार येतो. हात किंवा पाय तेथे चिकटला तर चार माणसांनी दोरी ओढूनही तो सुटत नाही, आणि अशा प्रवाहाचा आवाज किंवा हालचाल बहुतेकदा पाणबुड्याला कळत नाही. म्हणून दारे आणि कालव्याचे विमोचक बंद आहेत हे केवळ फोनवर ऐकून पुढे जाऊ नये. सुपरवायझरने स्वतः जाऊन पाहावे, विजेचा स्विच कुलूपबंद करावा आणि किल्ली पाणबुडा वर येईपर्यंत आपल्या खिशात ठेवावी. दार गळत असल्याची शंका असेल तर वरून दोरीला चिंधी बांधून आधी ती खाली सोडावी. ती ओढली गेली तर माणूस उतरवू नये. अंबिलिकल अशा तोंडापासून किमान ५ मीटर अलीकडेच संपेल अशा लांबीवर बांधून ठेवावी.

काठावरची हवा थांबली तर क्रम असा: इमर्जन्सी व्हॉल्व्ह उघडणे, ‘बेलआउटवर आहे’ असे सांगणे, काम टाकून दोरीने वर निघणे. हेल्मेटमध्ये पाणी शिरल्यास फ्री-फ्लो पूर्ण उघडावा आणि पाणी बाहेर टाकणारा व्हॉल्व्ह सर्वांत खाली येईल असे डोके वळवावे. कोणत्याही प्रसंगी पाण्याखाली हेल्मेट काढू नये.

वर येताना कोठे किती वेळ थांबायचे हे सांगणारे कोष्टक समुद्रसपाटीचे असते. तोतलाडोहची पूर्ण जलपातळी सुमारे ४९० मीटर आणि ऊर्ध्व वर्धाची सुमारे ३४२ मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तेथे सुपरवायझरने उंचीची दुरुस्ती लावूनच वेळ काढावी. ऊर्ध्व वर्धा धरणावर सिंभोऱ्याला काम करून त्याच संध्याकाळी चिखलदऱ्याला फिरायला निघणाऱ्या पोरांना मी अडवले आहे. अकराशे मीटर उंचीवर गेल्याने सांध्यांतील दुखणे तेथेच सुरू होऊ शकते. उपचाराची चालू स्थितीतील दाबकोठी कोठे आहे आणि तेथे कोण हजर आहे, हे बुडीच्या सकाळी फोन करून विचारावे.

काम संपल्यावर हेल्मेट नळाच्या पाण्याने धुवावे, नाकातोंडावरचा आतला मुखवटा जंतुनाशकाने पुसून सावलीत वाळवावा आणि अंबिलिकलच्या दोन्ही टोकांना झाकणे लावून मगच ती गुंडाळावी.