बांधाला बांध लागलेल्या मळ्यांची बार्बारेस्को: चाखून तुलना कशी करावी

उत्तर इटलीच्या पिएमोन्ते विभागात, तानारो नदीच्या उजव्या काठावरील टेकड्यांमध्ये, बार्बारेस्को हे छोटे गाव आहे. हे गाव, शेजारची नेइव्हे व त्रेइझो ही गावे आणि आल्बा शहराच्या हद्दीतील एक तुकडा एवढ्याच भूभागात बार्बारेस्को ही लाल वाइन तयार होते. ती केवळ नेब्बिओलो या एकाच द्राक्षापासून करावी असा नियम आहे, त्यामुळे मळ्यामळ्यांतील फरक शोधण्यासाठी ती विशेष सोयीची ठरते. मात्र कोणत्याही दोन बाटल्या आणून शेजारी ठेवल्याने हा फरक कळत नाही. एकाच द्राक्षाच्या दोन वाइन वेगळ्या लागल्या तरी त्यामागे जमीन असेल, पाऊसमान असेल किंवा तळघरातले पिंपही असेल. म्हणून चाखण्याआधी, जमीन सोडून बाकी सर्व घटक शक्य तेवढे समान करून घ्यावेत.

पहिली पायरी बाटल्यांच्या निवडीची आहे आणि निम्मे काम इथेच होते. उत्पादक एक, वर्ष एक आणि मळे निराळे, अशा तीन बाटल्या घ्याव्यात. यासाठी ‘प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को’ या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेइतका सोयीचा उत्पादक क्वचितच सापडेल. दोमित्सिओ काव्हात्सा यांनी १८९४ मध्ये या गावात सहकारी तळघर सुरू केले होते, पण फॅसिस्ट राजवटीच्या काळात ते बंद पडले. पुढे १९५८ मध्ये गावच्या धर्मगुरूंनी १९ लहान शेतकऱ्यांना एकत्र आणून आजची संस्था उभी केली. चांगल्या वर्षी ही संस्था नऊ मळ्यांच्या नऊ वेगळ्या ‘रिझेर्वा’ (म्हणजे अधिक काळ मुरवलेल्या) बाटल्या काढते, आणि त्या सर्वांची प्रक्रिया सारखीच असते. हंगाम मनासारखा नसेल, तर या मळ्यांची द्राक्षे संस्थेच्या साध्या बार्बारेस्कोत मिसळली जातात.

त्या नवांपैकी आसिली आणि राबाया यांच्यापासून सुरुवात करावी, कारण हे मळे एकमेकांना लागून आहेत. आसिलीच्या मातीत वाळूचा अंश थोडा अधिक असल्याचे सांगितले जाते, व तिची वाइन नाजूक आणि सुगंधी मानली जाते. राबाया अधिक भरीव व घट्ट बांध्याची असते. तिसरी बाटली मोन्तेस्तेफानोची घ्यावी. नऊ मळ्यांत हीच सर्वांत रांगडी, बारोलो या त्याच द्राक्षाच्या शेजारच्या भागातील भारदस्त वाइनच्या जवळ जाणारी, असा तिचा लौकिक आहे. ही वर्णने वाचून लगेच विसरावीत. पुढची सगळी व्यवस्था त्यांचा प्रभाव टाळण्यासाठीच आहे. इटलीहून परतताना बाटल्या आणणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की भारतात प्रत्येक प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंतच मद्य शुल्काविना आणता येते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोनच बाटल्या. तिसरी सोबत्याच्या सामानात ठेवावी लागेल.

आदल्या दिवशी बाटल्या उभ्या ठेवाव्यात, म्हणजे गाळ तळाशी बसेल. ही वाइन १६ ते १८ अंश सेल्सिअस तापमानाला चाखावी. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला युरोपातील थंड घरांसाठी दिलेला आहे; मुंबई-नागपूरच्या तीस-पस्तीस अंशांत तो पाळला तर अल्कोहोलचा दर्प तेवढा पुढे येतो आणि तिन्ही वाइन सारख्याच वाटू लागतात. बाटल्या पाऊण ते एक तास फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि तापमान अंदाजाने न ठरवता तापमापीने पाहावे. तिन्ही बाटल्या एकाच वेळी उघडाव्यात. एक वाइन जगमध्ये ओतून हवेशीर केली, तर उरलेल्या दोन्हीही तशाच ओताव्यात.

यानंतर बाटल्या कागदात गुंडाळून त्यांवर क्रमांक घालावेत, आणि हे काम चाखण्यात सहभागी नसलेल्या व्यक्तीकडे द्यावे. ग्लास एकाच आकाराचे, मोठ्या पोटाचे असावेत व प्रत्येकात सुमारे ५० मिलिलिटरच वाइन ओतावी.

आता जी पायरी बहुतेक जण गाळतात, ती आधी करावी: फरक कसा आहे हे लिहिण्यापूर्वी फरक आहे का, हे तपासावे. तीन ग्लासांपैकी दोनांत एकच वाइन आणि तिसऱ्यात दुसरी ओतून घ्यावी व वेगळा ग्लास ओळखावा. निव्वळ अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची शक्यता तीनात एक असते. लागोपाठ तीन वेळा बरोबर येण्याची शक्यता सत्तावीसात एक इतकी कमी होते. आसिली आणि राबाया यांची जोडी इथे चांगल्या चांगल्यांना घाम फोडते. फरक ओळखता आला नाही, तर तसे प्रामाणिकपणे नोंदवावे व मोन्तेस्तेफानोकडे वळावे.

रंगावर फार वेळ घालवू नये. नेब्बिओलोची वाइन मुळातच फिकट असते आणि वयानुसार तिच्या कडेला वीटकरी छटा येते, त्यामुळे रंग वयाबद्दल जेवढे सांगतो तेवढे मळ्याबद्दल सांगत नाही. ग्लास आधी न हलवता आणि मग गोल फिरवून हुंगावा. गुलाब, सुकलेली चेरी, ज्येष्ठमध, डांबर हे गंध या द्राक्षाचे ओळखीचे सोबती आहेत, तेव्हा ते तिन्ही ग्लासांत आढळतील. कोणता गंध आहे यापेक्षा कोणत्या ग्लासात तो आधी व ठळक येतो, हे नोंदवावे.

खरा फरक बहुधा तोंडात कळतो, आणि तोही तुरटपणात. छोटा घोट घेऊन दहाएक सेकंद घोळवावा, थुंकावा आणि जीभ टाळूला लावून पाहावी. जांभूळ खाल्ल्यावर जिभेला जशी कोरड पडते तशी कोरड इथेही जाणवते. ती हिरड्यांवर आहे की जिभेच्या मध्यभागी, बारीक दाण्याची आहे की खरखरीत, लगेच ओसरते की वाढत जाते, हे प्रश्न ‘फळांचा स्वाद कसा आहे’ या प्रश्नापेक्षा कितीतरी उपयोगी आहेत. त्यानंतर आंबटपणा आणि चव किती सेकंद रेंगाळते, एवढे लिहिले तरी पुरे. टॅनिन, म्हणजे हा तुरटपणा आणणारी द्रव्ये, लाळेतील प्रथिनांना बांधून ठेवत असल्याने चारपाच घोटांनंतर जिभेची पारख मंदावते. तेव्हा पाणी प्यावे, साधा पाव खावा व दहा मिनिटे थांबावे. चीज आणि मसालेदार फरसाण टेबलावर ठेवू नये. चीजमधील स्निग्धांश तुरटपणा झाकतो आणि फरसाणातील तिखट बाकी सगळेच झाकते. ग्लासांचा क्रमही दर फेरीला बदलावा, कारण पहिल्या ग्लासाला बऱ्याचदा अधिक गुण मिळतात.

बाटल्या उघडल्यावर लगेच, अर्ध्या तासाने आणि दीड तासाने, अशा तीन वेळा नोंदी कराव्यात व मगच कागद काढावेत. ज्यांना सर्व फरकाचे श्रेय मातीला द्यायचे आहे, त्यांनी थोडे सबुरीने घ्यावे: तळघर एक असले तरी मळ्यांचे शेतकरी निराळे आहेत, आणि वेलींचे वय, छाटणी व तोडणीचा दिवस यांतही भेद असतो. याची उलट तपासणी करायची असेल, तर पुढच्या वेळी मळा एकच ठेवून उत्पादक बदलावेत. राबायासाठी ज्युझेप्पे कोर्तेझे आणि ब्रुनो रोक्का यांच्या बाटल्या एकाच वर्षाच्या घेता येतील. दोन उत्पादकांतील अंतर दोन मळ्यांतील अंतरापेक्षा मोठे निघाले, तर मळ्यांविषयीची आधीची मते जरा सैल करावीत.

उरलेल्या बाटल्यांना बूच लावून त्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी तासभर आधी बाहेर काढून पुन्हा, झाकूनच, चाखाव्यात. पहिल्या संध्याकाळी मिटून राहिलेली राबाया किंवा मोन्तेस्तेफानो तेव्हा खुललेली आढळू शकते, व पहिल्या दिवशीचा क्रम बदलल्यास दोन्ही दिवसांचे क्रम वहीत शेजारी शेजारी लिहावेत.