माल्टात १० फेब्रुवारीला सान पाऊलचा सण कसा बघायचा (आपल्या सोलापूरकरांसाठी)

गड्डा, म्हणजे आपली सिद्धेश्वराची यात्रा, संपून महिना होत नाही तोवर माल्टात हा सण येतो. मी दोन वर्षं तिथं कामाला होतो, आता परत सोलापुरात आहे, आणि नवीन जाणारी पोरं विचारतात म्हणून लिहितोय. त्या दिवशी सरकारी सुट्टी असते, पण खोलीवर झोपून काढू नका, पहिल्या वर्षी मी तेच केलं आणि अजून वाईट वाटतं.

आधी गोष्ट माहीत पाहिजे. साधारण इ.स. ६० मध्ये संत पौलाला, म्हणजेच सान पाऊलला, कैदी म्हणून रोमला नेत होते, वादळात जहाज फुटलं, २७६ माणसं होती आणि सगळी वाचली. पाऊस, थंडी, म्हणून माल्टाच्या लोकांनी शेकोटी पेटवली. पौल काटक्या टाकत होता तेव्हा साप हाताला चावला, तरी काही झालं नाही. त्या परक्यांना जीव लावला याचा माल्टेकरांना आजही अभिमान आहे.

सकाळीच बसने राजधानी व्हॅलेटा गाठा. सान पाऊल रस्त्यावरच्या चर्चमध्ये मोठी मिस्सा म्हणजे प्रार्थना असते, खांदे-गुडघे झाकतील असे कपडे घाला, आणि ख्रिस्ती नसाल तर मागे शांत उभं राहा, प्रसादाच्या म्हणजे कम्युनियनच्या रांगेत जायचं नाही. पौलाच्या उजव्या मनगटाचं हाड तिथं जपून ठेवलंय, ते बघा. दुपारी बँडवाले निघतात, बाल्कनीतून कागदाचे तुकडे एवढे उधळतात की रस्ता दिसत नाही. खाली गुळगुळीत दगड आणि उतार, त्यामुळे चपला नको, बूटच घाला, आणि जाकीट विसरू नका.

पण खरं बघायचं ते संध्याकाळी. लवकर जाऊन चर्चच्या दाराशीच जागा धरा. शिल्पकार मेल्किओरे काफाने १६५९ साली घडवलेली पौलाची लाकडी मूर्ती खांद्यावर बाहेर येते. मधे थांबले की खालून बेचक्याच्या काठ्या लावून भार टेकवतात, मग परत खांदा. मी अगदी जवळ होतो, एका म्हाताऱ्याच्या मानेवर लाल वळ उठला होता, तरी तो बाजूला व्हायला तयार नव्हता. मला गड्ड्याला बाराबंदी घालून आपले नंदीध्वज पेलणारे आठवले. "विवा सान पाऊल!" ओरडतात तेव्हा तुम्हीही मोकळ्या गळ्यानं ओरडा, गड्ड्यात "एकदा भक्तलिंग हर्र"चा जयघोष करताना आपण कोणाला जात विचारतो का?

परतताना स्टॉलवर उब्बायत घ्या, बदामाच्या चिक्कीसारखं असतं, आणि खजूर भरून तळलेल्या गरम वड्या तिथंच उभं राहून खा.